बारदानाचे सहाशे ग्रॅम

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तर म्हटलं की लोकांना वाटतं, शाळेतले असतील. शाळेशी ह्यांचा संबंध चौथीतच सुटला. हे धान्याच्या गोदामात हमाल, आणि मी त्याच गोदामात फाटकी पोती शिवणारी. पण रोज पहाटे कामाआधी आणि संध्याकाळी काम सुटल्यावर हे पोरापोरींना बॉक्सिंग शिकवतात. फुकट. एकोणीस वर्षं झाली. ह्या उद्योगातून आमच्या घरात काय आलं विचाराल, तर घामट पट्ट्या. हाताला गुंडाळायच्या असतात त्या. रोजच्या वीसेक जोड्या. धुवायच्या मी, वाळत घालायच्या मी, आणि कुणाची हरवली की "काकू, माझी पट्टी कुठाय?" हे ऐकायचंही मीच.

मी बोलते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. हे शांतपणे ऐकून घेतात, मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी तेच करतात. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्या वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नाही. एकदा ढग आले, लोक दारात येऊन उभे राहिले, नुसती धूळ उडाली आणि ढग निघून गेले. पेरलेलं वीतभर वाढलं आणि पिवळं पडलं. शेतात माल नाही म्हणजे गोदामात पोतं नाही, आणि पोतं नाही म्हणजे आम्हा दोघांच्या हाताला काम नाही. गोदामाचा मालक रोज सकाळी येऊन कुलूप काढायचा, आत डोकावायचा, आणि मग दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचा.

ह्यांनी त्याला विचारलं, "मालक, गोदाम रिकामंच आहे. पोरांना आत घेऊ का? बाहेर फार तापतं."

"घ्या," तो म्हणाला. "उंदरांना तेवढीच सोबत."

झालं. मी घरी डोक्याला हात लावून बसलेले, आणि ह्या माणसाला आभाळ ठेंगणं झालेलं. चार खांबांना दोर बांधले, खाली भुशाची पोती अंथरली, वर ताडपत्री ताणून बसवली. ठोसे मारायचं मोठं पोतं मीच शिवून दिलं. दुहेरी गोणपाट, आत चिंध्या आणि भुसा, दाभणानं दोनदा घातलेली शिवण. शिवताना मी तोंडानं काय काय म्हणत होते ते सोडा, पण शिवण आजवर उसवलेली नाही.

ह्यांची शिकवायची तऱ्हा निराळी. पहिले सहा महिने कुणाला ठोसा मारू देत नाहीत. नुसतं उभं राहायचं, सरकायचं, परत उभं राहायचं. एखादा पोरगा हौसेनं येतो, हवेत हात फिरवतो, तर हे त्याच्या पाठीवर अर्धं पोतं ठेवतात आणि म्हणतात, "फळीवरून चाल." ट्रकला लावायची फळी, हातभर रुंद. पोरगा डगमगतो. हे म्हणतात, "ओझं पाठीवर आहे असं वाटतं ना? ते पायावर असतं. ठोसाही पायातूनच येतो." तीस वर्षं पोती वाहिलेला माणूस दुसरं काय शिकवणार? पण ह्यांची पोरं रिंगणात पाय रोवून उभी राहतात. शहराकडच्या पोरांचे कपडे चांगले असतात, बूट चांगले असतात, पाय मात्र घसरतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ऊन वाढत गेलं तशी माणसं निघायला लागली. दुष्काळात आमच्या भागातले लोक वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीचा मुकादम ट्रक घेऊन येतो, घरंच्या घरं भरतो. आधी तीन भाऊ गेले, तिघेही आमच्याकडे शिकणारे. मग कुंभाराची पोर गेली. मग न्हाव्याचा धाकटा. बावीस पोरं होती, त्यांची नऊ झाली. ज्या दिवशी कुणी जायचं त्या दिवशी हे ट्रकपाशी जाऊन उभे राहायचे आणि घरी आल्यावर जेवायला नको म्हणायचे. मी ताट झाकून ठेवायचे. हे कधीतरी उठून खायचे, भांड्याचा आवाज होऊ न देता.

राहिलेल्या नऊ जणांत एक मुंगी होती. सतरा वर्षांची, चणीनं लहान, पण पाण्याचे दोन कॅन दोन हातांत घेऊन चढ चढायची, म्हणून ते नाव पडलं. आईबाप शेतमजूर. चार वर्षं ह्यांच्या हाताखाली होती. बोलायची कमी, बघायची जास्त. ह्यांनी एखादी गोष्ट एकदा सांगितली की दुसऱ्यांदा सांगायला लागायची नाही. हे माझ्यापाशी म्हणाले होते, "एकोणीस वर्षांत अशी एकच आली." मी म्हटलं, "मला कधी असं म्हणाला नाहीत." तर म्हणे, "तू पाय कुठे नीट ठेवतेस?"

मुंगीच्या बापाचंही भट्टीवर जायचं ठरलं. ट्रक सोमवारी येणार होता. त्याच्या आदल्या शनिवारी जिल्ह्याच्या ठिकाणी निवडीच्या लढती होत्या. सरकारी क्रीडा वसतिगृहासाठी. प्रत्येक वजनगटात मुलींची एक जागा. जिंकेल तिला राहणं, जेवण, कॉलेज, दोन वेळचा सराव, सगळं तिथेच. मुंगीचा बाप आमच्या दारात येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसेना.

"मास्तर," तो म्हणाला, "निवड झाली तर राहू दे तिला. मला आनंदच आहे. नाही झाली तर मागं एकटी ठेवता यायची नाही. आणि भट्टीवर तिसरा हात लागतो."

"होईल," हे म्हणाले. "अठ्ठेचाळीस किलोच्या गटात तिच्यासमोर टिकणारं कुणी नाही."

आता वजनाचं सांगते, कारण सगळं तिथेच फसलं.

बॉक्सिंगमध्ये वजनाला फार महत्त्व. अठ्ठेचाळीसच्या गटात खेळायचं तर काटा अठ्ठेचाळीसच्या वर एक दाणा जाता कामा नये. आमच्याकडे वजनाचा दुसरा काटा नाही, म्हणून पोरं गोदामाच्या काट्यावर चढायची. लोखंडी फळीचा मोठा काटा, जुना पण बिनचूक. त्या वर्षीच पोरं गोदामात आली, आणि त्या वर्षीच काट्यावर चढली. त्याआधी हे नुसतं उचलून सांगायचे.

उचलून म्हणजे खरोखर उचलून. कमरेत धरून पोराला वर घ्यायचे, क्षणभर थांबायचे, खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "त्रेपन्न." दवाखान्यात जाऊन मोजलं तर त्रेपन्नच निघायचं, फार तर पावशेर इकडं तिकडं. गंमत म्हणून लोक पैजा लावायचे.

निवडीच्या चार दिवस आधी ह्यांनी मुंगीला उचललं. खाली ठेवलं. परत उचललं.

"भरतेस गं जरा," हे म्हणाले. "अर्धा किलो वर वाटतेस."

मुंगी काट्यावर चढली. काट्यानं सत्तेचाळीस किलो नऊशे दाखवलं.

"बघा मास्तर, बसतेय."

हे काट्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या पाठीवरून हात फिरवला. "म्हातारा झालो," म्हणाले. "पाठ खोटं बोलायला लागली."

मी तिथेच बसून पोरांसाठी एक फाटकं पोतं शिवत होते. माझ्या हातात दाभण होतं, मांडीवर बारदान, म्हणजे रिकामं पोतं होतं, आणि मला काही सुचलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. अठ्ठावीस वर्षं मी ज्या वस्तूवर पोट भरलं, ती माझ्या मांडीवर होती.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही तिघं गेलो. मुलींचं वजन बंद खोलीत होतं, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून, तिथे पुरुषांना प्रवेश नाही. म्हणून मी बरोबर. आदल्या दुपारपासून मुंगीनं जेवण बेतानंच घेतलं होतं. खोलीत एक बाई टेबलाशी कागद घेऊन बसलेली, आणि जमिनीवर चकचकीत छोटा काटा, लाल आकड्यांचा. मुंगी चढली. आकडा हलला आणि थांबला.

"अठ्ठेचाळीस पाचशे," बाई म्हणाली. "जास्त आहे."

"परत बघा हो," मी म्हटलं.

परत बघितलं. अठ्ठेचाळीस पाचशे. मुंगीनं अंगावरचं होतं नव्हतं तेही काढलं, मी तिच्यासमोर फडकं धरून उभी राहिले. अठ्ठेचाळीस चारशे. ती बाई वाईट नव्हती. म्हणाली, "एक तास आहे. तासाभरात उतरवून आणा. पळवा तिला."

मी बाहेर येऊन ह्यांना सांगितलं. हे भिंतीला टेकून उभे होते. आधी म्हणाले, "असं कसं? परवा तर..." आणि मग बोलता बोलता थांबले. चेहरा उतरला. अगदी हळू आवाजात म्हणाले, "बारदान."

माझ्याही डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गोदामाचा काटा बारदान धरून लावलेला असतो. धान्य भरलेलं पोतं काट्यावर टाकलं की पोत्याचं स्वतःचं वजन आपोआप वजा व्हावं आणि नुसत्या धान्याचा आकडा दिसावा, म्हणून काट्याचा शून्य लावायचा स्क्रू सहाशे ग्रॅमनं मागे फिरवून ठेवतात. रिकामं पोतं टाकलं तरच काटा शून्यावर. आम्हा सगळ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं की कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. पोरगी पोत्याशिवाय काट्यावर चढली, आणि काट्यानं तिच्यातून पोतं वजा केलं.

शेजारी शहरातल्या क्लबचे एक सर उभे होते, गळ्यात शिटी, पायात पांढरे बूट. त्यांनी सगळं ऐकलं.

"धान्याच्या काट्यावर पोरी मोजता होय?" ते हसून म्हणाले. त्यांच्या दोनतीन पोरीही हसल्या.

"हो," हे म्हणाले. "चूक झाली."

एवढंच. मला वाटलं, त्या शिटीवाल्याच्या तोंडावर काहीतरी बोलावं. पण हे वाद घालायच्या स्थितीत नव्हते, आणि तो माणूस खोटंही बोलत नव्हता.

शिटीवाले सरच म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं. चारशे ग्रॅम तर आहे. प्लॅस्टिकचा कोट घाला, वर स्वेटर घाला, उन्हात पळवा. पाणी बंद. थुंकायला सांगा. आमच्या पोरी किलो किलो उतरवतात." आणि खरंच, त्यांनी पिशवीतून तसा कोट काढून पुढे केला. माणूस मदतीला तयार होता.

मुंगीनं कोट घेतला. एक हात बाहीत घातला. "मी पळते मास्तर. अर्ध्या तासात उतरवते."

हे तिच्याकडे बघत होते. ओठ फुटलेले, डोळे खोल, आदल्या दुपारपासून पोटात जेमतेम. बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना.

"काढ तो कोट," हे म्हणाले.

मला माहीत होतं हे का म्हणाले. मुंगीला माहीत नव्हतं. आमच्या लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हा हे शहरात मालधक्क्यावर होते आणि तिथल्या कामगारांच्या क्लबकडून खेळायचे. एका लढतीसाठी दोन दिवस पाणी प्यायले नाहीत, घोंगडी पांघरून पळाले, दोन किलो उतरवले. दुसऱ्या फेरीत कुणाचा ठोसा न लागता खाली कोसळले. नऊ दिवस दवाखान्यात. लघवी गडद तांबडी यायची. मी एकोणीस वर्षांची, अनोळखी शहरात, नळ्या लावलेल्या नवऱ्याच्या उशाशी बसून होते. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं वाचली हे नशीब. तेव्हापासून हे खेळले नाहीत. शिकवायला लागले ते नंतर पुष्कळ वर्षांनी.

"मास्तर, मला पळू द्या," मुंगी म्हणाली. आवाज चढला होता. "मला काही होत नाही."

"मलाही काही होत नव्हतं."

"मग मी काय करू? घरी जाऊ?"

"वरच्या गटात खेळ. एक्कावन्नच्या."

"त्यात ती आहे," मुंगी म्हणाली. ती म्हणजे गेल्या वर्षी जिल्हा स्पर्धेत जिंकलेली, मुंगीहून हातभर उंच पोरगी. सगळ्यांना माहीत होती. "तुम्हाला ठाऊक आहे मी हरीन."

"मला ठाऊक नाही. पण वाळवून तुला मी रिंगणात उभी करणार नाही. रागाव माझ्यावर. पाणी पी आधी."

त्यांनी बाटली पुढे धरली. मुंगीनं कोट काढून शिटीवाल्यांच्या हातात दिला, बाटली घेतली आणि आमच्याकडे पाठ करून प्यायली.

एक्कावन्नच्या गटात दोघीच होत्या. लढत दुपारी लागली. तीन फेऱ्या, दोन दोन मिनिटांच्या. ती उंच पोर खरंच चांगली होती, मी खोटं कशाला बोलू. लांबून मारायची आणि मुंगीचा हात पोचायच्या आत मागे व्हायची. पहिली फेरी पूर्ण तिची. कोपऱ्यात आल्यावर हे मुंगीच्या मानेवरून ओलं फडकं फिरवत होते आणि अगदी साधं बोलत होते, रोजच्या सरावासारखं. "लांबून नको. आत शीर. तिच्या छातीला डोकं टेकेल इतकी आत." मुंगी दुसरीकडे बघत होती. पण ऐकत होती.

दुसऱ्या फेरीत ती आत शिरली. बापरे, काय शिरली! उंच पोरीला हात लांब करायला जागाच दिली नाही. पोटात, बरगडीत, पोटात. ती पोर दोरापर्यंत मागे गेली. माझ्या पलीकडे शिटीवाले सर उभे होते, ते म्हणाले, "ही पोर कुणाची?" मी म्हटलं, "धान्याच्या काट्यावरची."

तिसऱ्या फेरीत दोघी दमल्या. पण तीन किलो म्हणजे तीन किलो. उंच पोर अंगावर रेलायची, आणि मुंगीला प्रत्येक वेळी ते वजन ढकलून बाहेर यावं लागायचं. तिचा डावा हात हळूहळू खाली यायला लागला आणि त्याच्यावरून ठोसे येऊ लागले. नाकातून रक्त आलं. हे कोपऱ्यातून "डावा, डावा" म्हणत होते, आवाज पार बसला होता. शेवटची घंटा झाली तेव्हा मुंगी उभी होती. पाय जागेवर होते.

पाच पंच होते. तीन तिकडे गेले, दोन इकडे.

निवड समितीच्या बाईंनी मुंगीच्या पाठीवर हात ठेवला. "छान खेळलीस. पण एका गटात एकच जागा. सहा महिन्यांनी परत निवड आहे, तयारी ठेव." सहा महिने म्हणजे भट्टीचा सगळा हंगाम. विटा वाहून दमलेली पोर कसली तयारी ठेवणार? बाईंना ते माहीत असायचं कारण नव्हतं.

परतीच्या गाडीत मुंगी पुढच्या बाकावर एकटी बसली. गावाजवळ आल्यावर मागे वळली आणि ह्यांना म्हणाली, "मला पळू द्यायला पाहिजे होतं." हे म्हणाले, "काट्याची चूक माझी. ती मी मान्य करतो. पळू दिलं नाही ही चूक नाही." ती पुढे वळली. त्यानंतर तिनं ह्यांच्याशी बोलणं बंद केलं.

हे घरी न येता थेट मुंगीच्या बापाकडे गेले. त्याच्यासमोर सगळं सांगितलं, बारदानापासून. बाप शेवटपर्यंत ऐकत होता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही तिला स्वतःच्या पोरीपेक्षा जास्त केलंत. आमच्याच नशिबात नाही." आणि आतून ह्यांच्यासाठी चहा मागवला.

रविवारी सकाळी हे बाहेर गेले ते दुपारी आले. मानेवर, केसांत लाल धूळ.

"कुठं होता?"

"मुकादमाकडे. नाव लिहून आलो. उद्याच्या ट्रकनं मीही जातोय भट्टीवर."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "छप्पन्न वर्षं वय तुमचं. कुणाला विचारून?"

"पोरीचे सहा महिने माझ्यामुळे जातायत. ते मला भरून द्यायचेत. तिथे रोज पहाटे तासभर मिळाला तरी पुरे. आणि आधी गेलेली बाकीची पोरंही तिथेच आहेत. इथल्या आठ जणांना रोज काय करायचं ते सांगून ठेवतो." मग खाली बघून म्हणाले, "तुझं नाव घातलेलं नाही. तू इथेच राहा, गोदाम उघडलं तर काम मिळेल."

मला इतका राग आला की काय सांगू. जायचा राग नाही. माझं नाव घातलं नाही ह्याचा. नवरा म्हणून ह्या माणसाला काही कळतं का? मी चपला घातल्या आणि मुकादमाच्या घरी गेले. मुकादम म्हणाला, "तुमच्या माणसाला मी घेत नव्हतो. म्हातारा माणूस काय कामाचा? म्हटलं, डोक्यावर बारा विटा घेऊन अंगणाच्या दहा फेऱ्या मारून दाखवा. त्यांनी वीस मारल्या. पोरं हसत होती." मला ते ह्यांनी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "माझंही नाव लिहा. आणि मला पळवायची गरज नाही."

सोमवारी ट्रकमध्ये मुंगी आमच्यापासून दूर, फाळक्यापाशी, रस्त्याकडे तोंड करून बसली. तिच्या आईनं मला बसायला जागा करून दिली आणि हळूच म्हणाली, "राग जाईल हो तिचा." मी म्हटलं, "राग असू दे, ताई. राग बरोबर आहे."

भट्टीवरचं काम पाठीला फोडणारं. कच्च्या विटा थापायच्या, उन्हात उलटायच्या, वाळल्या की डोक्यावरून भट्टीपर्यंत न्यायच्या. धूळ दातांत, डोळ्यांत, जेवणात. हे तरुणांबरोबर खेपा करायचे, आणि जिथे तरुण टेकायला थांबायचे तिथे थांबत नव्हते, कारण मुकादमाचं लक्ष ह्यांच्यावरच असायचं. संध्याकाळी गुडघे सुजलेले. मी गरम पाण्याचं फडकं बांधून द्यायचे. एक शब्द तक्रारीचा नाही. मी मात्र दोघांच्या वाटचं बोलून घ्यायचे.

पहिल्या पहाटे हे विटा वाळवायच्या मोकळ्या जागेत हातात ठोसे झेलायचे दोन पॅड घालून उभे राहिले. कुणीही आलं नाही. उजाडेपर्यंत एकटेच उभे होते. आजूबाजूच्या झोपड्यांतून लोक तोंड धुवायला बाहेर येत होते आणि बघत होते. दुसऱ्या पहाटेही तसंच. तीन भाऊ लांबून बघून गेले, अंग दुखत होतं बिचाऱ्यांचं. मुंगी झोपडीच्या दारात आली, ह्यांना पाहिलं आणि आत गेली. मी चुलीला फुंकर घालत होते. धुरानं डोळ्यांत पाणी आलं असं मी म्हणेन, पण तसं नव्हतं. एका हमालाला सगळ्यांदेखत असं रिकाम्या जागेत उभं राहायला किती बळ लागत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या पहाटे न्हाव्याचा धाकटा आला. त्याच्यामागून कुंभाराची पोर. ह्यांनी दोघांना उभं केलं आणि पाय बघायला लागले. एवढ्यात मुंगी आली. ह्यांच्यासमोर उभी राहिली आणि हात वर घेतले. ह्यांनी पॅड धरले. ती मारायला लागली. पहिले चार ठोसे रागाचे होते, ते मलाही कळलं. ह्यांचा हात मागे गेला, पण हे बाजूला झाले नाहीत. मग हळूहळू ठोसे सरळ झाले.

मध्येच ती थांबली. धापा टाकत होती.

"मास्तर, तिसऱ्या फेरीत माझा डावा खाली का येत होता?"

हे पॅड खाली घेऊन म्हणाले, "पोरी, ती तीन किलो जास्त होती. वजनाची चूक माझी..."

"वजनाचं झालं," ती म्हणाली. "डाव्याचं सांगा."

ह्यांनी पॅड काढून ठेवले. मग त्यांनी तिचं कोपर धरलं, बरगडीला लावलं, आणि सांगायला लागले. धक्का देताना खांदा कसा सैल पडतो, दम गेला की कोपर कसं बाहेर जातं, ते स्वतः करून दाखवत होते, सुजलेल्या गुडघ्यांवर खाली वर होत. ती तसं करून बघत होती. बाकीची दोघंही आपापली कोपरं बरगडीला लावून उभी होती. कामाची शिटी झाली, ती चौघांपैकी कुणीही ऐकली नाही.

मुकादम ओरडत आला. मी चुलीपासून उठले आणि त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिले.

"दोन मिनिटं थांबा," मी म्हटलं. "मास्तर शिकवतायत."